दिवेलागणीला दिवे मालवणारं घर

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई एक पोस्टकार्ड घेऊन खाली आल्या. त्यांच्या पेटीत चुकून पडलं होतं. रोमानियाचं तिकीट, त्यावर अर्धवट उमटलेला गोल शिक्का, एका बाजूला कुठल्याशा लाकडी चर्चचं चित्र. पत्ता माझ्या घराचा, नाव त्याचं. बाईंनी ते उलटसुलट वाचलेलं होतं (उघडं कार्ड आहे, कोणीही वाचेल, मीही वाचलं असतं) आणि वाचून त्यांना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं, कारण त्यावर एक तारीख, एक वेळ, काही किलोहर्ट्झ आणि तुमचा अहवाल बरोबर आहे, आभारी आहोत, एवढाच मजकूर होता. "तुमचे मिस्टर फॉरेनला असतात का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, सदाशिव पेठेत असतात." बाई जरा गोंधळल्या, मग समजूतदारपणे म्हणाल्या, "लांब असलं की पत्राची वाट बघायला होतंच." आणि मी मान डोलावली. घटस्फोट लपवावा असं माझं काही नाही. बँकेत सगळ्यांना माहीत आहे, सोसायटीत तर अर्ज द्यायच्या आधीपासून माहीत होतं. मला सलत राहिलं ते वेगळंच. ते तिकीट दिसल्याबरोबर माझ्या तोंडावर काहीतरी आलं असणार. त्याशिवाय एक अनोळखी बाई माझी अशी समजूत काढायला निघाली नसती.

तो शॉर्टवेव्ह ऐकतो. रेडिओ ऐकतो म्हटलं की लोकांना विविध भारती आठवते, दुपारची झोप आठवते, आईचं निवडणं-टिपणं आठवतं, आणि ते लगेच म्हणतात, अय्या, किती छान. त्याचं तसं नाही. गाण्यांत त्याला फारसा रस नाही, बातम्यांत तर अजिबात नाही. स्टेशन जितकं लांबचं आणि जितकं क्षीण, तितकं त्याला हवंसं. आकाशवाणीचं पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे त्याच्या लेखी शेजारच्या काकू. केव्हाही ऐकू येणार, त्यात आपण काय मिळवलं? तो तास-दीड तास नुसत्या खरखरीत बसून असतो. मग त्या खरखरीतून कुणीतरी अनोळखी भाषेत दोन वाक्यं बोलतं, स्टेशनचं नाव घेतं, पुन्हा बुडतं. हा ते सगळं वहीत उतरवतो, त्या केंद्राला सविस्तर कळवतो, आणि तिकडची माणसं पडताळून पाहून कार्ड पाठवतात. झालं. बक्षीस एवढंच. अशी कार्डं चपलांच्या खोक्यांतून, देशवार लावलेली, आमच्या माळ्यावर होती. माहेरहून आलेली माझी तांब्या-पितळेची भांडी त्या खोक्यांना जागा करून देण्यासाठी बहिणीकडे गेली, ती अजून तिकडेच आहेत.

अहवालात पाच आकडे द्यावे लागतात, त्याला सिन्पो म्हणतात. आवाज किती जोरकस, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ किती, खरखर किती, चढउतार किती, आणि एकंदर कसं. प्रत्येकाला पाचपैकी गुण. सगळं उत्तम असेल तर पाच वेळा पाच. ही पद्धत त्यानं संसाराला लावली होती. पाहुणे गेले की दार लावता लावता तो आकडे सांगायचा. माझ्या मोठ्या आत्याचे आकडे कायम तेच असायचे: जोर ५, बाकी सगळं २. माझ्या पहिल्या पुरणपोळीला त्यानं ३४४३४ दिले आणि चढउताराचे गुण का कापले ते पोळीचा काठ बोटानं दाखवून समजावून सांगितलं. मला राग यायला हवा होता. मी ते आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले.

आता मुख्य मुद्दा, विजेचा. शॉर्टवेव्हच्या माणसाचा खरा शत्रू म्हणजे घरातली वीज. एलईडीचा दिवा, मोबाईलचा चार्जर, इंटरनेटचा डबा, पंख्याचा रेग्युलेटर, फ्रिज, ही सगळी मंडळी आपापली खरखर हवेत सोडत असतात आणि त्याखाली बुडतं ते नेमकं त्याचं लांबचं स्टेशन. शिवाय लांबचे संदेश सगळ्यात चांगले येतात ते पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे पृथ्वीवरची दिवस आणि रात्र यांच्यामधली रेघ आपल्यावरून सरकत असते तेव्हा. त्यामुळे माझ्या आईच्या घरी ज्या वेळेला देवापाशी निरांजन लागायचं, अंगणातला दिवा लागायचा आणि कुणीतरी ओरडायचं की तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवू नका गं, नेमक्या त्या वेळेला आमच्याकडे मेन स्विच पडायचा. दिवेलागणीला आमच्याकडे दिवे मालवले जात. मी बँकेतून यायचे, जिना चढताना इतरांच्या दाराखालून उजेडाची पट्टी दिसायची, कुकरच्या शिट्ट्या, मालिकांची शीर्षकगीतं. आणि आमचं दार उघडलं की काळोख आणि आतून फस्स असा एक अखंड आवाज. त्या काळोखात चप्पल काढून ठेवायची जागा मला आजही डोळे मिटून सापडते. अगदीच अडलं तर चाळीस वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावायची परवानगी होती, कारण तो बिचारा खरखर करत नाही. ते बल्ब दुकानांत मिळेनासे झाले तेव्हा तो रविवारी जुन्या बाजारात जाऊन हुडकून आणायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून, अंडी आणावीत तसे.

फ्रिज बंद केला की पुन्हा लावायला तो विसरायचा. एवढ्या एका वाक्यात किती दूध नासलं आहे ते ज्यांनी घर चालवलंय त्यांना कळेल.

भिंतीवर दोन घड्याळं होती. एक आपलं आणि एक जागतिक वेळेचं, साडेपाच तास मागे. त्याच्या नोंदी त्या दुसऱ्या घड्याळाप्रमाणे, त्यामुळे हळूहळू त्याचं जगणंही. आमच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी १२ वाजून ७ मिनिटांचा होता. त्याच्या वहीत तो ६ वाजून ३७ मिनिटांनी लागलेला आहे, आणि शेरा आहे: 'लाउडस्पीकरची खरखर, तरी मंगलाष्टकं स्पष्ट.' ही वही मला त्यानं लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी दाखवली, सहज, दुसरंच काही शोधताना. मग गच्चीवरची तार. दोन इमारतींच्या टाक्यांमध्ये ताणलेली तांब्याची तार, जिच्यावर संक्रांतीला पोरांचे पतंग अडकायचे, पावसाळ्यात कुणीतरी सतरंज्या वाळत घालायचं, आणि जिच्यावरून सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल अशा बेतानं सूचना लावली होती. तार आता नाही. पण पार्किंगच्या कोपऱ्यातलं अर्थिंग अजून आहे. खड्डा खणून, कोळसा आणि मीठ भरून त्यात तांब्याचा गज पुरला होता. माती ओली राहिली तरच अर्थिंग चांगलं लागतं म्हणून तो रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचा. गावाला गेला तर वॉचमनला सांगून जायचा. पुढे तो स्वतःच निघून गेला, नंतर तो वॉचमनही गेला, पण जाताना नव्या वॉचमनला कामं समजावून सांगताना त्यानं हेही काम सांगितलं असणार, कारण नवा माणूस रोज सकाळी गाड्या पुसायच्या आधी त्या कोपऱ्यात पाणी ओततो. तिथं रोप नाही, काही नाही. मी खिडकीतून बघते. त्याला थांब म्हणावं असं मला अजून वाटलेलं नाही.

हे सगळं मी सांगायला लागले की लोक हसतात. मी सांगतेही रंगवून, खोटं कशाला बोला. मैत्रिणींच्या भिशीत माझ्या नवऱ्याचे किस्से हा एक ठरलेला कार्यक्रम होता, आणि शेवटी कुणीतरी हटकून म्हणायचं, "पण किती इंटरेस्टिंग आहे गं माणूस, आमच्याकडे बघ, ऑफिस आणि क्रिकेट." तेव्हा मला त्या ऑफिस आणि क्रिकेटवाल्याचा असा काही हेवा वाटायचा की बोलायची सोय नाही. लोकविलक्षण माणसांचं कौतुक करणारे लोक रात्री आपापल्या घरी जातात. तिथला फ्रिज चालू असतो. त्यानं भोसरीतली नोकरी सोडली ती पहाटेच्या पाळीमुळे, कारण पहाट हीच ऐकण्याची वेळ. मग जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करून द्यायला लागला. हात फार चांगला. मर्फी, बुश, फिलिप्स, कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या दिवंगत वडिलांचा. लोक घेऊन यायचे, वाजायला लागला की रडायचे, आणि रडणाऱ्या माणसाकडून त्याला पैसे मागवत नसत. घराचा हप्ता माझ्या पगारातून जायचा. किराणा, वीज (ती मात्र कमी यायची), सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं. त्याच्या विक्षिप्तपणाचा खर्च माझ्या सरळपणातून निघत होता. दोघांपैकी एकाला तरी रोज दहाला टेबलाशी बसणं भाग असतं, तेव्हा दुसऱ्याला पहाटे चारला बुखारेस्ट ऐकता येतं. त्यानं हे कधी नाकारलं नाही, हेही लिहायला हवं. त्याची आणखी एक वही होती, माझ्या देण्याची. ती अजून चालू आहे. मधूनच, कुठल्याही वारी, एक पाकीट येतं, आत पाचशेच्या दोन-तीन नोटा आणि चिठ्ठी: बाकी इतके.

माझ्या भावानं आमच्या लग्नानंतर लवकरच एक कोटी केली होती: जगाचं ऐकतो आणि बायकोचं ऐकत नाही. ती कोटी पुढं माझ्या सगळ्या नातेवाइकांनी वापरून गुळगुळीत केली. मला ती तेव्हाही पटली नव्हती. तो माझं ऐकायचा, फार ऐकायचा. फोनवर मी नुसतं हं म्हटलं तरी विचारायचा, ताप आहे का तुला. मिक्सरचं बेअरिंग जाणार हे त्याला आठवडाभर आधी कळायचं. माझ्या वडिलांच्या श्वासात बारीक शिट्टी येते आहे, डॉक्टरांना दाखवा, हे पहिल्यांदा त्यानं सांगितलं. आम्ही सख्खी पोरं रोज त्यांच्याशेजारी बसत होतो. बाबा दवाखान्यात होते तेव्हा रात्री तोच थांबायचा. छोटा रेडिओ, त्याला इअरफोन, एक टोक बाबांच्या कानात आणि एक याच्या. बाबा मला सकाळी सांगायचे, काल आम्ही व्हिएतनामला होतो. बाबांना आयुष्यात कुणी कधी पुण्याबाहेर फिरायला नेलं नव्हतं. आईला प्रवासात उलट्या व्हायच्या.

तर न ऐकल्याची माझी तक्रार नव्हती. मला संध्याकाळी दिवे हवे होते.

दिवाळीत तर तो घरातच नसायचा. सगळ्या सोसायटीवर लुकलुकत्या माळा चढल्या की ऐकणं अशक्य, म्हणून तो रेडिओ, बॅटरी आणि तारेचं भेंडोळं घेऊन वेल्ह्याच्या पुढे, राजगडाच्या मागच्या अंगाला जाऊन राहायचा. लक्ष्मीपूजन मी आणि सासूबाई करायचो. लाह्या-बत्तासे, केरसुणी, चोपडीच्या जागी माझं पासबुक. एका वर्षी मी ठरवलं की आपणही जायचं, बघायचं तरी काय असतं. एका धनगराच्या माळावर दोन झाडांमध्ये तार बांधली. ऊन उतरलं होतं, गवताला सुकल्याचा गोड वास येत होता, लांब कुठंतरी घंटा वाजत होती. सूर्य डोंगराआड गेला तसा त्यानं हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि बोटानं बटण इतकं हळू फिरवत होता की फिरतंय की नाही कळत नव्हतं. आधी नुसता वारा. मग त्या वाऱ्याच्या तळाशी माणसं गात होती, बरीच माणसं, चर्चमध्ये गातात तशी, पण सुरात न बसणारा एक म्हातारा आवाज त्यात होता. गाणं संपलं. निवेदक बोलायच्या आधी खाकरला. पापुआ न्यू गिनी, तो माझ्या कानाशी पुटपुटला. म्हणजे साडेआठ हजार किलोमीटर. त्या माणसाला कल्पना नसणार की आपलं खाकरणं वेल्ह्याच्या माळावर शाल पांघरून बसलेली एक बँकेतली बाई ऐकते आहे. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता, रेडिओकडे नाही. मला ऐकू आलं की नाही एवढंच त्याला बघायचं होतं.

पुष्कळ जणी सांगतात, आम्हाला त्याचं वेड कधी कळलंच नाही म्हणून आम्ही बाहेर पडलो. मला कळलं होतं. कळूनही मला पुढच्या दिवाळीला घरीच थांबायचं होतं, नवी साडी नेसून, चकल्या तळून, आणि तो दारात रांगोळीवरून उडी मारून आत येताना दिसावा म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच बाईला वाटू शकतात हे मला समजावून सांगायला कुणी भेटलं नाही. निघायचं मनात आलं की नेमकं काहीतरी बंद पडायचं. २०१२ च्या जूनमध्ये रेडिओ नेदरलँड्सनं शॉर्टवेव्ह बंद केली, तेव्हा हा दहा दिवस सुतकात असल्यासारखा बिनसाखरेचा चहा पीत होता. सुतकातल्या माणसाला सोडून कसं जायचं? २०१७ च्या जानेवारीअखेर ऑस्ट्रेलिया गेलं. एकेक आवाज विझत चालला होता आणि याचं वर्तुळ लहान लहान होत होतं. वर सूर्यावरचे डाग. ते साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि घटतात, आणि घटले की वरचे मीटर बँड, म्हणजे जास्त किलोहर्ट्झचे पट्टे, मेल्यासारखे पडतात. २००८-०९ मध्ये ते तळाला होते, २०१९ मध्ये पुन्हा. आमची सगळ्यात वाईट वर्षंही तीच. मी यातून काही सिद्ध करत नाही, तो करतो. वकिलांपुढे हे बोलायचं नाही, अशी ताकीद मी त्याला रिक्षातच देऊन ठेवली होती.

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आम्ही एकाच रिक्षानं जायचो. परस्परसंमतीचा अर्ज, कलम १३ ब. वर्षभर वेगळे राहतो आहोत, एकत्र राहणं शक्य झालेलं नाही, लग्न संपवावं असं दोघांच्या संमतीनं ठरलं आहे. मी प्रत्येक वाक्य नीट वाचलं. अक्षर न् अक्षर खरं होतं. प्रेम उरलेलं नाही, असं त्यात कुठंही लिहून द्यावं लागत नाही. कायद्याचा हा समंजसपणा मला तेव्हा फार आवडला. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं; पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती मुदत माफ करून घेता येते, वकिलीणबाई म्हणाल्या, अर्ज करू का? तो म्हणाला, राहू द्या, सहा महिन्यांत प्रॉपगेशन (म्हणजे रेडिओलहरींचं लांबवर पोचणं) सुधारू शकतं. त्यांना वाटलं हा प्रॉपर्टीबद्दल काहीतरी बोलतोय. मीही राहू द्या म्हणाले. समुपदेशक बाईंनी आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं, मग एकत्र बसवलं, आणि शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या की तुमच्यात भांडण कुठं आहे तेच मला सापडत नाही. मी म्हटलं, भांडण नाहीच आहे. त्यांनी कागदावर काय लिहिलं ते मला दिसलं नाही. मूलबाळाचा प्रश्न नव्हता. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

निकालानंतर काही महिन्यांतच टाळेबंदी आली. ५ एप्रिल २०२० ची रात्र सगळ्यांना आठवत असेल, नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. मी बाल्कनीत पणती ठेवून उभी होते. त्या काळात एकटं राहणं म्हणजे काय होतं ते एकटं राहिलेल्यांनाच विचारा. दिवसभरात दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं व्हायचं नाही. नऊ वाजता समोरच्या इमारती एकेक करत अंधारल्या आणि त्याच क्षणी फोन वाजला. "ऐक, बोलू नको, नुसती ऐक," असं म्हणून त्यानं फोन रेडिओसमोर धरला. सबंध पुण्यानं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी दिवे मालवले होते. फ्रिज होते, इन्व्हर्टर होते, पण लाखो एलईडी एकदम गेले होते, आणि मला फोनमधूनसुद्धा कळलं की नेहमीचा तो फस्स आवाज उतरलाय, खूप खाली गेलाय, आणि त्याच्या वर एक बाई कुठल्याशा भाषेत बातम्या देते आहे, इतक्या स्वच्छ की तिचा कागद उलटल्याचं ऐकू यावं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, पणती तरी लाव!" रस्त्यावर कुणीतरी फटाके उडवले, शंख वाजवला. मग खिडक्या पुन्हा उजळल्या आणि खरखरीनं त्या बाईला पाण्याखाली घेतलं. तो म्हणाला, "बघ, जमतं की नाही?" काय जमतं ते त्यानं सांगितलं नाही. मी फोन ठेवला, आत आले आणि घरातले सगळे दिवे लावले. संडासातला सुद्धा.

हे लिहायचं कारण असं की मला दिवे आवडतात. विक्षिप्त माणसाला सोडून आलेल्या बाईनं पुढं असं म्हणायचं असतं की साधं आयुष्य फिकं निघालं. नाही निघालं. फ्रिजमध्ये दही वेळेवर लागतं आणि गोड राहतं, हे सुख आहे. संध्याकाळी सातला पाहुण्यांना या म्हणता येतं. लक्ष्मीपूजनाला मी आता बाल्कनीभर माळा सोडते, आकाशकंदील लावते, आणि तो इथं असता तर त्याच्या कानांचं काय झालं असतं या विचारानं मला वाईट वाटत नाही. थोडंसं बरंच वाटतं. सासूबाई दर उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवतात आणि फोनवर सांगतात, "तुझं बरोबर होतं गं. मला पर्याय असता तर मीसुद्धा तुझ्याकडे राहायला आले असते." त्यांचा वाडा पाडणार पाडणार असं कधीचं चाललंय, टपालाचा भरवसा नाही, म्हणून जगातल्या सगळ्या केंद्रांकडे त्यानं माझाच पत्ता ठेवला आहे. मी कार्डं साठवते आणि महिन्याकाठी पेठेत नेऊन देते. तो ती उजेडाकडे धरून बघतो, सासूबाई पोहे करतात, मी तासाभरानं निघते. त्या तासाभरात मला तो जितका आवडतो तितका कुठलाच माणूस कधी आवडलेला नाही. दीड तास झाला की मी घड्याळ बघायला लागते, आपलं घड्याळ.

आता एक गृहस्थ आहेत. बँकेतल्या मैत्रिणीनं ओळख करून दिली. पत्नी काही वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा नोकरीला बाहेर, राहायला कोथरूडला. येण्याआधी फोन करतात. सकाळी आम्ही कधी कधी तळजाईवर फिरायला जातो, येताना ते भाजी घेतात आणि गवार मोडून बघून घेतात. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा कागद शोधायला एक फाईल उघडली, आणि त्या फायलीत घरातल्या प्रत्येक उपकरणाचा देखभालीचा करार, तारखेप्रमाणे, प्लॅस्टिकच्या कप्प्यात लावलेला होता. ती फाईल बघून मला जे काही झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. त्यांनी विचारलं आहे. घाई नाही म्हणाले, दिवाळीनंतर सांगा. मी त्यांना याच्याबद्दल सगळं सांगितलं, महिन्याच्या पोह्यांसकट. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी माझ्या सासऱ्यांकडे अजून दर गुढीपाडव्याला जातो." एवढंच.

यालाही सांगणं भागच होतं. मी पेठेत गेले, सासूबाई देवळात गेल्या आहेत असं बघून सांगितलं. तो एका मर्फीच्या डायलची दोरी ओवत होता. दोरी ओवून होईपर्यंत काही बोलला नाही. मग विचारलं, "त्यांच्याकडे इन्व्हर्टर कुठला आहे?" मला इतका संताप आला की मी पोहे न खाता निघाले, लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतून तणतणत चालत मंडईपर्यंत गेले. आयुष्यातला एवढा मोठा प्रश्न आणि याचा प्रश्न इन्व्हर्टर. तरी पुढच्या रविवारी, कोथरूडला चहा पिताना, मी सहज विचारल्यासारखं विचारलं. गृहस्थ उठले, चष्मा लावला, फाईल काढली आणि वाचून दाखवलं: प्युअर साईन वेव्ह, दोन वर्षांची वॉरंटी बाकी. मी बाल्कनीत जाऊन त्याला कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं. साईन वेव्ह असेल तर खरखर फार नसते, स्क्वेअर वेव्हवाल्यांचं मात्र काही खरं नाही, आणि बॅटरीत पाणी कधी भरलं होतं तेवढं विचारून ठेव.